बोडक्या घोड्याची एनफिल्ड आणि शेंडीवाली वेब्ली

मधून मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर दिसलं की साताऱ्यात त्याचं बारसं आधीच झालेलं असतं: वेब्ली, त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीचं. आजोबा सुभेदार होते, त्यांची वेब्ली. चुलते रणगाड्यावर होते, त्यांची वेब्ली. लायसन्सच्या पुस्तकातही तेच उतरवलेलं. हातात घेऊन घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या मागच्या हातोडीच्या, खाली पाहावं तर तिथे मुकुट, त्याखाली ‘एनफिल्ड’, त्याखाली ‘नंबर २’ असा शिक्का ठसठशीत असतो. तो दाखवला की समोरचा हसतो. “दादा, एनफिल्ड म्हणजे बुलेट गाडी.”

गाडीचा संबंध आहे, पण उलटा. लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड गावी ब्रिटिश सरकारचा शस्त्र कारखाना होता. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या सायकल कंपनीनं ते नाव उचललं. आधी बंदूक, मग गाडी. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता चहा येईपर्यंतच सांगतो.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्त झाल्यावर गावोगावचे लोक वारसाहक्काचं हत्यार दाखवायला बोलावतात. मी फक्त बघतो. दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

वेब्ली सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिच्यावर शाई घालवत नाही. १९१५ ची मार्क ६ (मार्क म्हणजे नमुन्याचा क्रमांक), .४५५ बोरची, म्हणजे नळीचं भोक तेवढ्या इंचाचं, सहा इंची नळी, वजन किलोच्या वर. ती ओळखायला कुणी चुकत नाही, उचलली की मनगटच सांगतं. घोळ आहे तो तिच्या धाकटीचा. वेब्ली मार्क ४, बोर .३८, आणि तिच्याशेजारी एनफिल्ड नंबर २, बोर तोच, गोळी तीच, होल्स्टरही तेच.

दोघी इतक्या सारख्या का, याचा किस्सा मजेदार आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेला हलकं रिव्हॉल्व्हर हवं होतं. बर्मिंगहॅमच्या वेब्लीवाल्यांनी नमुना दिला. सरकारी कारखान्यानं त्यात थोडे फेरफार केले आणि १९३२ मध्ये स्वतःचंच हत्यार म्हणून मंजूर करून घेतलं. वेब्लीनं २,२५० पौंडांचा दावा लावला. सरकारी बाजू म्हणाली, रचना आमच्या कॅप्टन बॉईजची, वेब्लीची नुसती मदत. शेवटी संशोधकांना मोबदला ठरवणाऱ्या शाही आयोगानं १,२५० पौंड देवविले. शेजारच्या पोराच्या वहीतून गणित उतरवायचं आणि पकडलं गेल्यावर अर्धे मार्क त्याला देऊन मोकळं व्हायचं, तसा प्रकार. पुढे दुसऱ्या महायुद्धात एनफिल्डचा पुरवठा कमी पडू लागला, तेव्हा सरकारनं त्याच वेब्लीकडून मार्क ४ हजारोंनी विकत घेतल्या.

किरकोळ फरक असे. एनफिल्डवर घोड्याखाली तो मुकुटाचा शिक्का आणि साल. वेब्लीवर सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘मार्क ४’ आणि कंपनीचं पंखवाल्या गोळीचं चिन्ह. एनफिल्डच्या फ्रेमला एका बाजूनं स्क्रूची झाकणपट्टी आहे. आणि दिसायला जुळ्या असल्या तरी एकीचे भाग दुसरीला बसत नाहीत. संपलं. शिक्का वाचता आला की एवढ्यात काम होतं.

ज्यानं माणसं खरी आपटतात तो फरक घोड्याचा.

वेब्लीच्या घोड्याला मागे अंगठा टेकवायला चोच असते. आमच्याकडे तिला शेंडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. एनफिल्डच्या पहिल्या नमुन्यालाही, मार्क १ ला, ती होती. पण रणगाड्याच्या अरुंद पोटात चढता-उतरता ही शेंडी कशातही अडकायची. म्हणून १९३८ मध्ये नवा नमुना निघाला, शिक्क्यात मार्क १ आणि पुढे एक चांदणी, म्हणजे ताऱ्याची खूण. त्यात शेंडी काढूनच टाकली. घोडा बोडका, पाठ गुळगुळीत. हा घोडा अंगठ्यानं चढवायचाच नाही, दर वेळी चाप पूर्ण ओढायचा. त्यासाठी आतली स्प्रिंगही हलकी केली. युद्धात बनलेल्या बहुतेक एनफिल्ड अशाच.

आता हे ठाऊक नसलेला माणूस तो बोडका घोडा पाहतो आणि म्हणतो, मोडलंय. कोरेगावकडच्या एका घरात मी हे पाहिलं. आजोबांचं हत्यार, लायसन्स नातवाच्या नावावर झालेलं, माणूस सज्जन. हत्यार कापडातून काढलं तर घोड्याच्या पाठीवर पितळेचा पिवळा थर आणि त्यावर डाळिंबाच्या देठाएवढं लोखंडी टोक उभं. लेथवाल्याकडून ‘तुटलेली शेंडी’ बसवून घेतली होती. तीनशे रुपये दिले म्हणाला.

मी सिलिंडर रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, आणि त्यालाच ती शेंडी अंगठ्यानं मागे ओढायला सांगितली. घोडा मागे गेला, अंगठा काढताच पुढे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. कारण चढवलेला घोडा ज्या खाचेवर थांबतो ती खाच या नमुन्यात कारखान्यानं ठेवलेलीच नाही. शेंडी नुसती डोक्यावर, कामाची शून्य. वर टाका मारताना लागलेल्या आचेनं घोड्याचं पाणी उतरलं असेल ते वेगळंच. विना परवाना असं काम करणं-करवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा, तेही वेगळंच. चांगलं, १९४२ सालचं, नंबर जुळणारं रिव्हॉल्व्हर तीनशे रुपयांत बिघडलं.

तेव्हा खूण हीच धरा. हत्यार रिकामं करून घोडा बोटानं मागे ढकला. थांबत नसेल आणि पाठ गोल, गुळगुळीत, बाकी घोड्यासारखीच काळी असेल, तर तो जन्मतःच बोडका. त्याला हात लावू नका. थांबत असेल आणि पाठीवर कानशीचे ओरखडे, चकाकणारं उघडं लोखंड दिसत असेल, तर कुणीतरी शेंडीवाल्याची शेंडी कापली आहे. ते खरंच नुकसान, मग ती वेब्ली असो वा जुनी एनफिल्ड.

उलटी फसवणूकही होते आणि ती अधिक महाग पडते. पहिल्या नमुन्याच्या शेंडीवाल्या एनफिल्ड आता दुर्मीळ आहेत, कारण युद्धकाळात दुरुस्तीला आलेल्या बहुतेकींचे घोडे बदलून सरकारनंच त्या बोडक्या केल्या. अशांवर चांदणी मागून ठोकलेली असते. शेजारच्या अक्षरांपेक्षा ती खोल किंवा किंचित तिरकी दिसते. अशा हत्यारावर कुणी पुन्हा शेंडीचा घोडा चढवून ‘मूळ मार्क १’ म्हणून सांगत असेल, तर भिंग घेऊन आधी ती चांदणी शोधा. सरकारी कारखान्यातला बदल हा हत्याराच्या इतिहासाचा भाग आहे, त्यानं मोल फारसं जात नाही. लेथवाल्याचा बदल हा लेथवाल्याचा इतिहास.

पॉलिशबद्दलही हेच. युद्धकाळच्या वेब्लीवर ‘वॉर फिनिश’ असा शिक्का असतो. म्हणजे वरचा भाग खरखरीत, मशीनच्या खुणा दिसणारा, मुद्दाम तसाच सोडलेला, कारण घासत बसायला वेळ नव्हता. लोक तो खडबडीतपणा घासून आरशासारखा करतात, काही महाभाग निकल चढवतात. मला चकचकीत निकलची युद्धकाळची वेब्ली फुकट दिली तरी नको. घासताना अक्षरांच्या कडा गोल होतात, स्क्रूभोवती खड्डा पडतो, आणि एकदा गेलेली कड परत येत नाही. युद्धानंतर सरकारी दुरुस्तीत एनफिल्डवर चढवलेला जाड काळा रंग मात्र खरवडू नका, तो अस्सल आहे.

दसऱ्याला हत्यार पूजा, जरूर पूजा. पण हळद-कुंकू बोटानं ओलं करून फ्रेमवर लावायचं आणि दिवाळीपर्यंत तसंच ठेवायचं, हे बंद करा. त्या टिकल्यांखाली पडलेले गंजाचे खड्डे मी किती घरांत पाहिलेत. फूल शेजारी ठेवा.

नंबर फ्रेम, नळी आणि सिलिंडर तिन्हीकडे बघा. तिन्ही जुळले तर उत्तम. सरकारी मालावर ठोकतात त्या बाणाच्या टोकाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हत्यार हिंदुस्थान सरकारच्या मालकीचं होतं. टोकाला टोक लावलेले दोन बाण असतील तर ते सरकारनं रीतसर विकून बाहेर सोडलं. हे दोन बाण मला ‘कर्नलसाहेबांनी बक्षीस दिलं’ या गोष्टीपेक्षा जास्त आवडतात. जिल्ह्यात बक्षीस मिळालेली रिव्हॉल्व्हरं मोजली तर कर्नल कमी पडतील. साध्या जवानाच्या हाती रायफल असे. रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांचं, रणगाडेवाल्यांचं, मिलिटरी पोलिसांचं, आणि दिलेलं हत्यार परत जमा करायचं असे. घरात कागद असेल तर दाखवा, नुसती गोष्ट असेल तर ती जेवताना सांगा.

आणि ‘ऐंशी वर्षांचं आहे, आता लायसन्स कशाला’ हे मला सांगू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे ती दुरुस्ती करूनही चालणार नाहीत अशांना. या दोन्ही बहिणी आजही चालतात.

कोरेगावच्या त्या नातवाला मी शेंडी आहे तशीच राहू द्यायला सांगितलं, काढताना अजून आच लागली असती. फक्त लायसन्समध्ये ‘वेब्ली’ खोडून खरं नाव घालून घ्या म्हटलं, नंबर बरोबर असला तरी नाव चुकीचं असणं पुढे नडतं. तो अर्ज घेऊन गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. खिडकीतल्या माणसानं अर्ज वाचून विचारलं होतं, “एनफिल्ड? मग आरटीओत जा ना.”