डेटा फ्लो डायग्राममध्ये शंकरपाळी नको

आमची भाची बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा विचारत होती, "मामा, डायग्राम काढायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" सोबत तिनं प्रोजेक्टमधलं एक चित्र पाठवलं होतं. मथळा 'डेटा फ्लो डायग्राम', आणि खाली 'सुरुवात', 'शेवट', मध्ये हो-नाही विचारणाऱ्या तीन शंकरपाळ्या. "अगं, हा तर फ्लोचार्ट झाला." "पण फ्लो दोन्हीकडे आहे ना!" आहे खरा. सगळा घोळ तिथेच होतो. फ्लोचार्टमध्ये कामाच्या पायऱ्या पुढे सरकतात, डेटा फ्लो डायग्राममध्ये माहिती.

तिचा प्रोजेक्ट ग्रंथालयाचा होता, म्हणजे बडोदेकरांच्या घरचाच विषय. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी करवली. तेव्हा पुस्तक-देवघेवीचंच काउंटर डोळ्यांसमोर आणू.

फ्लोचार्ट काढायचा तर सभासदाच्या मागे मागे चालायचं. कार्ड चालू आहे का? नसेल तर नूतनीकरण. आधीचं पुस्तक थकलंय का? थकलं असेल तर दंड. हवं ते पुस्तक कपाटात आहे का? नसेल तर मागणी नोंदवा, असेल तर तारखेचा शिक्का मारून द्या. चित्रावर बोट ठेवून वरून खाली जाता येतं, आणि बोट एका वेळी एकाच चौकटीवर असतं.

डेटा फ्लो डायग्राममध्ये बोट ठेवायला सुरुवातच सापडत नाही. बाहेर एका चौकोनात सभासद. मध्ये 'पुस्तक देणे', 'दंड आकारणे' अशी वर्तुळं. बाजूला दोन समांतर रेघांमध्ये सभासद-नोंद आणि देवघेव-नोंद. आधी काय, नंतर काय, हे चित्र सांगतच नाही. दोन वर्तुळांचं काम एकाच वेळी चालू असलं तरी बिघडत नाही. फ्लोचार्टमधला बाण 'मग' म्हणतो. इथल्या बाणावर जाणाऱ्या माहितीचं नाव लिहावं लागतं: कार्ड क्रमांक, परतीची तारीख, दंडाची रक्कम. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते पुस्तक या चित्रात येतच नाही. येतो फक्त त्याचा क्रमांक.

दोघांची कुळंही वेगळी. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांपुढे कामाच्या पायऱ्या दाखवणारे तक्ते मांडले. फ्लोचार्ट त्या घराण्यातला. डेटा फ्लो डायग्राम १९७० च्या दशकातला, कॉन्स्टंटाइन, यूर्डन, डीमार्को या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचा. डीमार्को प्रक्रियेसाठी वर्तुळ काढतात, गेन आणि सार्सन या दुसऱ्या जोडीची पद्धत गोल कोपऱ्यांच्या चौकटीची. दोन्ही चालतात, पण एकाच चित्रात खिचडी नको. (डेटाबेसमधले तक्ते एकमेकांशी कसे जोडलेत हे दाखवणारा ईआर डायग्राम तिसराच. तो पीटर चेन यांचा, १९७६ चा.)

आता सॉफ्टवेअर. कुठलंही घ्या, ते तुमची चूक पकडेलच असं नाही. डेटा फ्लो डायग्राममध्ये शंकरपाळी टाकलीत तरी ते निमूटपणे टाकू देतं.

फ्लोचार्टसाठी मी मर्मेड नावाचं साधन घेतो. त्यात चित्र काढायचं नसतं, ओळी लिहायच्या असतात, मांडणी ते स्वतः करतं. सरांनी मध्येच एक पायरी वाढवायला सांगितली तर एखाददुसरी ओळ घातली की झालं. डेटा फ्लो डायग्रामला मात्र ते मला जमत नाही: ज्या चित्रात क्रमच नाही, त्याला ते वरून खाली रांगेत उभं करू बघतं. तिथे हातानं मांडणी करू देणारं ड्रॉ.आयओ बरं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, संगणकावर उतरवूनही घेता येतं. एकाच फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात, त्यामुळे एका वर्तुळाच्या आतलं बारीक काम पुढच्या पानावर फोडून दाखवायची सोय होते. व्हिजिओ वाईट नाही, पण पैसे पडतात, आणि त्याची संगणकावर बसवायची आवृत्ती फक्त विंडोजसाठी आहे. कंपनीनं दिलं तर वापरा.

एक खाचखळगा: ड्रॉ.आयओमधून एसव्हीजी (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर कधी कधी अक्षरांच्या जागी इंग्रजी सूचनाच उमटते. अहवालात लावायला पीडीएफ किंवा मोठ्या आकाराची पीएनजी काढावी.

भाचीनं शंकरपाळ्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या चित्रात एका बाणावर अजून 'दंड भरला का?' लिहिलेलं होतं, आणि 'दंड आकारणे' या वर्तुळात दोन बाण शिरत होते, बाहेर एकही पडत नव्हता. अशा वर्तुळाला या विषयात कृष्णविवर म्हणतात. "मग दंडाचे पैसे गेले कुठे?" मी विचारलं. "नोंद राहिली, मामा," ती म्हणाली, आणि तिनं वर्तुळातून बाहेर जाणारा पावतीचा बाण जोडला.