आभाळ

आभाळ : (नपुं.) १. ढग, ढगांचे दाट आवरण. २. आकाश. बोलभाषेत 'अभाळ' असा ऱ्हस्व उच्चारही आढळतो. वऱ्हाडीत 'आभाय', 'अभाय'.

व्युत्पत्ती : शब्दाचे मूळ संस्कृत 'अभ्र', प्राकृत 'अब्भ' हे असण्याबद्दल फारसा मतभेद नाही. 'सप्त-सत्त-सात' या धर्तीवर 'अब्भ'चा 'आभ' झाला. गुजराती 'आभ' व राजस्थानी 'आभो' याच कुळातले, दोन्हींचा अर्थ आकाश. वाद आहे तो 'आळ' या शेपटाचा. 'अभ्रमाला' किंवा 'अभ्रपटल' अशा समासाची झीज होऊन 'आभाळ' बनले असावे, असा एक तर्क. दुसऱ्या मते प्राकृतातला 'आल' हा 'युक्त, भरलेला' या अर्थाचा प्रत्यय येथे आहे. केसाळ, रसाळ आणि मुख्य म्हणजे 'ढगाळ' ही रूपे शेजारी ठेवली की दुसरे मत अधिक सरळ वाटते. आभाळ म्हणजे मुळात 'अभ्रांनी भरलेले'. विशेषणाचे पुढे नाम झाले असावे. 'आभा' म्हणजे तेज, त्यावरून आभाळ, ही जोडणी कानाला गोड असली तरी अर्थाच्या बाजूने टिकत नाही, कारण शब्दाच्या मुळाशी ढग आहे, उजेड नव्हे.

'अभ्र'ची फोड जुने टीकाकार 'अप्' (पाणी) व 'भृ' (धारण करणे) अशी करतात. तौलनिक भाषाशास्त्र मात्र त्याचा संबंध 'नभस्'शी आणि लॅटिन 'इंबर' (पावसाची सर) याच्याशी लावते. फार्सी 'अब्र' (ढग) हा सख्खा भाऊ. अभ्रक या खनिजाचे नावही येथूनच आले.

अर्थ : ऋग्वेदात 'अभ्र' म्हणजे ढग. अमरकोशात (संस्कृत समानार्थी शब्दांचा कोश, सामान्यतः इ. स. चौथे ते सहावे शतक) हा शब्द आकाशाच्या पर्यायांत येतो आणि मेघाच्या पर्यायांतही. म्हणजे दुहेरी अर्थ मराठीने घडवला नाही, तो वारशाने आला. इंग्रजी 'स्काय'ची कथाही अशीच. जुन्या नॉर्स भाषेत (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) त्याचा अर्थ ढग होता. 'निरभ्र आभाळ' आपण सहज म्हणतो, पण शब्दशः ते 'ढग नसलेले ढग' होते.

प्रमाण मराठीत आकाश हा अर्थ पुढे सरकला. आभाळ कोसळणे, आभाळ ठेंगणे होणे, फाटल्या आभाळाला ठिगळ लावणे हे वाक्प्रचार त्यावरच उभे आहेत. विदर्भाच्या खेड्यांत मात्र जुना अर्थ रोजच्या वापरात आहे. सोयाबीन कापून शेतात गंजी लावलेली असते, पश्चिमेकडून काळे चढू लागते आणि हाक येते, "आभाय आलं बा, गंजीवर ताडपत्री टाका!" आभाळ 'येते' तेव्हा ते आकाश असू शकत नाही, आकाश कुठून येणार? हिवाळ्यात याच शब्दाला आणखी एक छटा चढते. तूर फुलावर आणि हरभरा घाट्यावर (शेंगा धरण्याच्या अवस्थेत) असताना दोन-चार दिवस न बरसणारे ढग राहिले, की फूल गळते, घाटेअळी वाढते. 'आभाळानं तूर गेली' या तक्रारीत पाऊस नसतोच. हे आभाळ म्हणजे पिकावरचे मळभ. कोशांत ही छटा स्वतंत्र नोंदवायला हवी.

बोलीरूपे : वऱ्हाडीतला ळ-य हा बदल (डोळा-डोया, काळा-काया) नियमित असून व्युत्पत्तीच्या दृष्टीने उत्तरकालीन आहे. 'आभाय'वरून 'आभाळ'च्या मूळ रूपाबद्दल निष्कर्ष काढू नये. विदर्भाच्या पूर्वेकडील झाडीबोलीत ळ नाही. त्या जागी बहुधा र ऐकू येतो.