पार्श्वभूमी : बोरोत्रा, पेट्रोलचे पंप आणि ‘हौशी’ हा शब्द

निळी बास्क टोपी, सर्व्हिस करून थेट नेटवर झेप, १९२४ आणि १९२६चं विम्बल्डन, मग १९२७ ते १९३२ सलग सहा डेव्हिस कप. फ्रेंच खेळाडू झाँ बोरोत्राचं हे टेनिस माहीत नाही असा टेनिसवेडा विरळा, म्हणून ते बाजूला ठेवतो.

मुद्दा त्याच्या नोकरीचा आहे. बोरोत्रा पॅरिसच्या नामांकित तंत्रशाळेतून शिकलेला इंजिनीअर. पेट्रोल मोजून देणारे पंप बनवणाऱ्या ‘साताम’ कंपनीत तो वरच्या हुद्द्यावर पोचला. कंपनीच्या कामासाठी फिरायचं आणि त्यातूनच सामन्यांना वेळ काढायचा, गरज पडली तर विमान पकडायचं. स्पर्धेत जिंकल्याचे पैसे घेतले की खेळाडू ‘व्यावसायिक’ ठरे आणि विम्बल्डनचं दार बंद होई. पगार कारखान्यातून येत असेल तर मात्र तो ‘हौशी’. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ही हौस ज्याच्या घरची चूल दुसरीकडून पेटत होती त्यालाच परवडायची. डेव्हिस कप जिंकणाऱ्या चौघा फ्रेंच ‘मस्केटिअर्स’पैकी एकाने १९३३ मध्ये सरळ पैसे घेऊन खेळायला सुरुवात केली. मला तरी तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

हे इतकं सांगायचं कारण १९४०. फ्रान्स जर्मनीपुढे पडला, व्हिशी शहरात जर्मनीशी सहकार्य करणारं नवं सरकार आलं आणि क्रीडा खात्याची सूत्रं बोरोत्राकडे आली. शाळांत व्यायामाचे तास वाढले, मैदानांसाठी पैसा आला, हे त्याच्या बाजूने सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण याच काळात व्यावसायिक खेळावर कुऱ्हाड चालली. टेनिस आणि कुस्तीतला पैसा तत्काळ बंद, फुटबॉल, सायकलिंग आणि मुष्टियुद्धाला तीन वर्षांची मुदत. खेळाडूंकडून शपथ घेतली जाऊ लागली, तिच्यात कबूल केलेला पहिलाच गुण ‘निरपेक्षपणा’. सर्वांत मोठा घाव बसला तेरा जणांच्या रग्बीवर, म्हणजे पंधरा जणांच्या हौशी रग्बीपासून फुटून निघालेल्या व्यावसायिक प्रकारावर : डिसेंबर १९४१च्या हुकुमाने तिची संघटनाच मोडली आणि मालमत्ता सरकारजमा झाली. त्या हुकुमावर सही बोरोत्राची नव्हती, राष्ट्रप्रमुख मार्शल पेतँची होती. समर्थक तेवढ्यावर बोट ठेवतात. पण धोरण कोणाच्या टेबलावरून पुढे गेलं, हा प्रश्न सहीने मिटत नाही.

एप्रिल १९४२ मध्ये त्याचं पद गेलं, नोव्हेंबरात गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, त्याला पकडलं. मे १९४५ मध्ये, तो कैदेत होता त्या ऑस्ट्रियातल्या इटर किल्ल्याला नाझींच्या एसएस दलाचा वेढा पडला. आत दोन माजी पंतप्रधानांसह फ्रेंच कैदी, त्यांच्या बचावाला मूठभर अमेरिकन आणि चक्क जर्मन शिपाई. शेहेचाळिशीतला बोरोत्रा भिंतीवरून उडी टाकून मदत आणायला पळाला. हे धैर्य खरंच होतं. मात्र पुढे हीच गोष्ट एवढी रंगली की १९४० ते १९४२ची दोन वर्षं तिच्याखाली झाकली गेली.

त्याने स्वतः ती कधी झाकली नाहीत. खिलाडूवृत्तीचा गौरव करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद त्याने भूषवलं. १९७०च्या दशकात त्याच राष्ट्रप्रमुखाच्या स्मृतीचा कैवार घेणाऱ्या संस्थेचाही तो अध्यक्ष झाला. १९९४ मध्ये, ९५व्या वर्षी तो गेला. तेरा जणांच्या खेळाला हिरावलं गेलेलं ‘रग्बी’ हे नाव अधिकृतपणे परत मिळायलाही १९९०चं दशक उजाडावं लागलं होतं.