कापालिक (साहित्यातील खलपात्र)

कापालिक : संस्कृत नाटके, कथासंग्रह आणि पुढे देशी भाषांतील अद्भुतकथा यांतून वारंवार येणारे खलपात्र. अंगाला चिताभस्म, गळ्यात हाडांची माळ, हातात कवटीचे भिक्षापात्र आणि खट्वांग (टोकाला कवटी लावलेला दंड), मुक्काम स्मशानात. सिद्धीसाठी त्याला नरबळी लागतो आणि तो देताना आपण काही वावगे करतो आहोत असे त्याला क्षणभरही वाटत नाही. भोंदूबुवाहून तो वेगळा ठरतो तो इथेच. भोंदूचा डोळा पैशावर असतो, पितळ उघडे पडले की तो पाय धरतो. कापालिकाची श्रद्धा शंभर नंबरी असते, त्यामुळे त्याच्याशी तडजोडीची बोलणी होऊच शकत नाहीत.

या पात्राचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणातील (कल्पित कथानकाच्या नाटकातील) अघोरघंट. भवभूती आठव्या शतकातला, विदर्भातील पद्मपूरचा, वा. वि. मिराशी यांच्या मते हे गाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असलेले पदमपूर. नाटक घडते ते पद्मावती नगरीत, म्हणजे ग्वाल्हेरकडच्या आजच्या पवाया गावी. पाचव्या अंकात रात्रीचे स्मशान आहे. अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला आकाशमार्गे तिथे उतरते. गुरूची मंत्रसाधना पुरी झालेली असते आणि बोलल्याप्रमाणे कराला चामुंडा या देवीला एक स्त्रीरत्न वाहायचे असते. त्यासाठी गच्चीवर झोपलेली नायिका मालती उचलून आणलेली असते. तिला बळीचा साज चढवला जातो आणि सांगितले जाते, की तुझा जो कोणी जिवलग असेल त्याची आठवण काढून घे, काळ घाई करतो आहे. शिवीगाळ नाही, दरडावणी नाही. पूजेतला एक उपचार उरकावा तसे हे बोलणे. संस्कृत नाटकात राक्षस पुष्कळ गर्जतात, पण अंगावर काटा येतो तो या सौजन्याने.

गंमत अशी, की नायक माधव त्या वेळी त्याच स्मशानात भुतापिशाचांना नरमांस विकत फिरतो आहे. मालती मिळण्याचे सगळे सरळ मार्ग खुंटल्यावर त्याने हा उपाय धरलेला असतो. मालतीची किंकाळी ऐकून तो देवळात धावतो आणि अघोरघंटाला ठार करतो. गुरू संपला तरी पंथ संपत नाही. सूड घेण्याची प्रतिज्ञा केलेली कपालकुंडला पुढे मालतीला श्रीपर्वतावर पळवून नेते आणि तिथे तिला सोडवते ती सौदामिनी. ही सौदामिनी मूळची कामंदकी या बौद्ध भिक्षुणीची शिष्या, पण अद्भुत शक्ती तिला लाभलेल्या आहेत त्या श्रीपर्वतावर कापालिक व्रत आचरूनच. व्रत तेच, सिद्धी त्याच. एकीने जीव घ्यायला वापरल्या, दुसरीने वाचवायला. भवभूतीच्या नंतर इतका विचार या पात्राच्या वाट्याला फारसा आला नाही. रा. गो. भांडारकरांनी जगद्धराच्या संस्कृत टीकेसह (भाष्यासह) केलेली या नाटकाची आवृत्ती १८७६ मध्ये निघाली.

या खलपात्राचा सख्खा भाऊ मराठी घरांत वेताळपंचविशीतून पोहोचला आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (अकरावे शतक) ही कथा गोदातीरावरील प्रतिष्ठान, म्हणजे पैठणच्या त्रिविक्रमसेन राजाची आहे. क्षान्तिशील नावाचा भिक्षू दहा वर्षे रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. एके दिवशी माकड ते फळ फोडते आणि आतून रत्न पडते. तेव्हा कुठे राजा त्याला विचारतो, तुला हवे तरी काय? नाव क्षान्तिशील, म्हणजे क्षमाशील, आणि डाव राजाच्या मुंडक्यावर! त्याला भिक्षू म्हटले असले तरी वडाखाली त्याने पूजेसाठी आखलेले मंडल हाडांच्या पिठाचे आहे आणि दिवा माणसाच्या चरबीचा. वेताळाने सावध केल्यामुळे राजा म्हणतो, साष्टांग नमस्कार मला येत नाही, आधी तू घालून दाखव. भिक्षू वाकतो आणि त्याचेच मस्तक उडते. विधी रेसभरही चुकू द्यायचा नाही, हा त्याचा हट्टच त्याला नडतो.

‘शंकरदिग्विजय’ या शंकराचार्यांच्या चरित्रकाव्यातील कापालिक उग्रभैरव थेट आचार्यांचेच शिर मागतो आणि आचार्य ते द्यायला तयारही होतात, पण नृसिंहाचा संचार झालेला त्यांचा शिष्य पद्मपाद त्याला फाडून टाकतो. याउलट पल्लव राजा महेंद्रवर्म्याच्या ‘मत्तविलास’ प्रहसनातला (सातवे शतक) कापालिक दारूच्या धुंदीत आपली कवटी हरवून बसतो आणि आळ घेतो बौद्ध भिक्षूवर. कवटी पळवलेली असते कुत्र्याने.

प्रत्यक्षातले कापालिक असेच होते का? ब्रह्मदेवाचे पाचवे शिर तोडल्याबद्दल शिवाने कवटी हाती घेऊन प्रायश्चित्त केले, त्या ‘महाव्रता’चे अनुकरण करणारा हा शैव पंथ. त्यांचे स्वतःचे ग्रंथ हाती नाहीत. जे कळते ते बहुतेक वैदिक, बौद्ध, जैन अशा प्रतिपक्षांच्या लेखणीतून, आणि विरोधकाने रंगवलेले चित्र कसे असते हे सांगायला नको. इगतपुरी भागातील एका चालुक्य ताम्रपटात कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथे राहणाऱ्या महाव्रतींसाठी गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. नरबळी देणाऱ्या टोळीला कोणी गाव इनाम देत नाही, निदान उघडपणे तरी. ‘अघोर’ हे शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचे नाव, अर्थ ‘जो घोर नाही तो’. मराठीत मात्र ‘अघोरी’ म्हटले की भीषण तेच डोळ्यांपुढे येते. २०१३ च्या महाराष्ट्रातील नरबळीविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातही हा शब्द याच अर्थाने बसला आहे.

आधुनिक काळात या पात्राला नवे आयुष्य दिले ते बंकिमचंद्रांनी, ‘कपालकुंडला’ (१८६६) या बंगाली कादंबरीत. भवभूतीच्या दुष्ट शिष्येचे नाव त्यांनी नायिकेला दिले. कापालिकाने समुद्रकाठी वाढवलेली ही मुलगी बळीसाठी बांधलेल्या नवकुमाराला सोडवून पळवते आणि त्याची बायको होते. त्यांना शोधताना कापालिक वाळूच्या टेकडीवरून कोसळतो आणि त्याचे दोन्ही हात निकामी होतात. खड्ग उचलायची ताकद उरलेली नाही, पण देवीने स्वप्नात येऊन मुलीचाच बळी मागितल्याची त्याला खात्री आहे. मग तो नवकुमाराच्या मनात बायकोविषयी संशय पेरतो आणि तिला स्मशानात घेऊन यायला त्यालाच तयार करतो.