मोक्तेसुमाच्या डोक्यावर काय आहे?

मोक्तेसुमाचे कोणतेही चित्र समोर आले की आधी चेहरा पाहू नये, डोके पाहावे. चेहरा जवळजवळ नेहमीच चित्रकाराच्या मनातला असतो. डोक्यावर जे काही चढवले आहे, त्यावरून मात्र ते चित्र कुठल्या काळातले, कोणी काढले आणि कोणाला दाखवायला काढले, याचा बराचसा पत्ता लागतो.

हा मोक्तेसुमा म्हणजे मेशिका (अॅझ्टेक) लोकांचा राजा, दुसरा, धाकटा. १५०२ साली तो तेनोच्तित्लानच्या, म्हणजे आज मेक्सिको सिटी आहे तिथल्या त्यांच्या राजधानीच्या, गादीवर आला. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी शहराच्या वेशीवर त्याची आणि स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसची भेट झाली आणि जून १५२० च्या अखेरीस स्पॅनिशांच्या कैदेत तो मेला. त्याच्यापुढे जाताना सरदार उंची वस्त्रे उतरवून, साधे कपडे घालून, अनवाणी आणि खाली मान घालून जात. त्याच्या तोंडाकडे पाहण्याची रीतच नव्हती. त्यामुळे राजाला समोर बसवून त्याचे नाकडोळे उतरवून घेणारे चित्र त्या दरबारात शोधू नये. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने केलेले प्रसिद्ध वर्णन आहे ते कोर्तेसच्या फौजेतल्या बेर्नाल दीआस या शिपायाचे. वय चाळिशीच्या आसपास, बांधा सडपातळ, रंग फार सावळा नाही, केस कानांवर येतील इतकेच, दाढी विरळ. तेही त्याने लिहिले काही दशकांनंतर, म्हातारपणी. पुढच्या चित्रकारांना धरून चालायला एवढाच धागा होता आणि कित्येकांनी तोही धरला नाही.

त्याच्या हयातीतली रूपे आहेत ती दगडात. 'पवित्र युद्धाचे तेओकाली' (तेओकाली म्हणजे देऊळ) म्हणतात ते पिरॅमिडच्या आकाराचे शिल्प मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय प्रासादाच्या पायात सापडले. १८३१ मध्ये ते नजरेला पडले, पण बाहेर काढले गेले १९२६ मध्ये. त्याच्या वरच्या भागावर मधोमध सूर्यबिंब आहे, एका अंगाला युद्धदेव वित्सिलोपोच्त्ली आणि दुसऱ्या अंगाला मोक्तेसुमा. दोघांच्या तोंडातून पाणी आणि आग यांची गुंफलेली खूण निघते. ती युद्धाची खूण. यातला मोक्तेसुमा कोणता, हे चेहऱ्यावरून कळतच नाही. ते कळते शेजारी कोरलेल्या नावाच्या चिन्हावरून.

हे चिन्ह एकदा नीट पाहून ठेवावे, पुढे सगळीकडे उपयोगी पडते. कपाळावर पुढे त्रिकोणी टोक काढलेली पट्टी, तिच्या मागे गाठ, खाली केस आणि नाकातला अलंकार. ही पट्टी म्हणजे शिउवित्सोली, पिरोज्याच्या बारीक तुकड्यांनी मढवलेली, डोक्यामागे बांधायची. मेशिका राजाचे राजचिन्ह हेच. मोक्तेसुमा या नावात 'स्वामी' हा शब्द आहे (अर्थ साधारण 'स्वामीसारखा रागावतो तो'), आणि स्वामी लिहायचा तर हीच पट्टी काढायची. थोरला मोक्तेसुमा, म्हणजे पहिला, याचे चिन्ह अगदी वेगळे असते: आकाशाच्या पट्ट्यात घुसलेला बाण. चित्राखालच्या मजकुरात या दोघांची अदलाबदल वारंवार होते. बाण दिसला की तो आपला मोक्तेसुमा नव्हे.

मेक्सिको सिटीतल्या चापुल्तेपेकच्या टेकडीवरच्या खडकातही त्याने स्वतःची प्रतिमा कोरून घेतली होती. तिथल्या तारखांत 'एक वेत' हे वर्ष आहे. मेशिका पंचांगात ५२ वर्षांनी तेच नाव परत येते, म्हणून ते १४६७ ही असू शकते आणि १५१९ ही. १८ व्या शतकाच्या मध्यास ही प्रतिमा मुद्दाम फोडण्यात आली. आज खडकावर आकृतीचे थोडे अवशेष आहेत, चेहरा नाही; नावाचे चिन्ह मात्र ओळखू येते.

जिंकल्या गेल्यानंतरची पहिली मोठी पोथी म्हणजे कोडेक्स मेंदोसा, १५४१ च्या सुमाराची, आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. चित्रे स्थानिक कलावंतांची, खाली टिपा स्पॅनिशमध्ये. मोक्तेसुमाने जिंकलेली ४४ गावे तिच्यात एकेक करून मांडली आहेत. गाव जिंकले हे दाखवायला छप्पर कलंडलेले, पेटलेले देऊळ काढायचे आणि शेजारी गावाच्या नावाचे चिन्ह. दुसऱ्या एका पानावर त्याचा राजवाडा आहे. वरच्या दालनात राजा एकटा, लव्हाळ्याच्या चटईवर गुडघे जवळ घेऊन बसलेला, डोक्यावर निळी पट्टी, अंगावर निळे वस्त्र. खालच्या दालनांत न्यायाधीश आणि फिर्यादी. बाजूच्या खोल्या मित्रराजांसाठी राखलेल्या. सिंहासन नाही, मुकुट नाही, पिसे नाहीत. चटई आणि पट्टी एवढ्यावर राजेपण सांगून होते. युरोपचा शिरकाव दिसतो तो इमारतीत: भिंती-पायऱ्यांना खोली आणण्याचा प्रयत्न आहे आणि तो थोडा फसला आहे.

त्लाश्कालाच्या लोकांचे चित्र वेगळ्याच गरजेतून निघाले. त्लाश्काला हे मेशिकांचे जुने वैरी आणि कोर्तेसचे साथीदार. 'आम्ही तुमच्या बाजूने लढलो, तेव्हा करात आणि मानपानात सवलत द्या' अशी त्यांची स्पेनच्या राजाकडे मागणी होती आणि हा अर्ज त्यांनी कापडावर रंगवला. १५५२ मध्ये गावच्या सभेत त्यावर चर्चा झाल्याची नोंद आहे. मूळ प्रती हरवल्या. आपण पाहतो ती १७७३ ची नक्कल आणि तिच्या मागोमाग १८९२ मध्ये छापलेली शिळाछापाची चित्रे. ऐंशीहून जास्त चौकटी आहेत आणि बहुतेक लढायांत त्लाश्कालाचे योद्धे स्पॅनिशांच्या बरोबरीने दिसतात. तेनोच्तित्लानच्या चौकटीत कोर्तेस आणि मोक्तेसुमा समोरासमोर युरोपीय खुर्च्यांवर बसले आहेत आणि दुभाषी मालिन्त्सिन तिथे उभी आहे. मेंदोसाची चटई इथे गेली. राजाला खुर्चीवर बसवले की तो बरोबरीचा होतो, आणि बरोबरीच्या राजाने आदराने स्वागत केले असे दाखवले की पुढचे सगळे रीतसर झाले असे म्हणता येते.

फ्लॉरेन्स कोडेक्सचा बारावा भाग याच्या उलट टोकाचा. फ्रान्सिस्कन साधू बेर्नार्दिनो दे साहागुन यांच्या देखरेखीखाली त्लातेलोल्कोच्या विद्यालयात बारा भागांचा हा ग्रंथ तयार झाला. आपल्याला मिळालेली प्रत १५७७ च्या आसपासची, चित्रे २,४०० च्या वर. पानावर दोन रकाने: उजवीकडे नावाट्ल या मेशिकांच्या भाषेतला मजकूर, डावीकडे स्पॅनिश भाषांतर. भाषांतर आखूड असल्यामुळे डावा रकाना रिकामा राही आणि चित्रे बहुधा त्या रिकाम्या जागेत बसवली. म्हणजे चित्र कोणत्या वाक्याचे हे ठरवताना उजवीकडचा मजकूर वाचावा लागतो. डावीकडचे वाचून अर्थ लावला तर बऱ्याचदा चुकतो. १५७६ च्या साथीत माणसे मेली, रंगांचा पुरवठा आटला, आणि शेवटच्या भागातली चित्रे बहुतांशी नुसती काळ्या रेषांची राहिली. हा रंग नसणे म्हणजे कलात्मक निवड होती, असे कोणी सांगितले तर फार मनावर घेऊ नये.

या बाराव्या भागातला मोक्तेसुमा घाबरट आहे. आठ अपशकुन होतात. डोक्यावर आरसा असलेला करकोचासारखा पक्षी त्याच्यापुढे आणतात, त्या आरशात त्याला चालून येणारे सैनिक दिसतात. तो पळून जाऊन लपायचा विचार करतो. हे वाचताना सांगणारे कोण, हे विसरून चालत नाही. सांगणारे बरेचसे त्लातेलोल्कोचे. हे तेनोच्तित्लानला चिकटून असलेले जुळे शहर, पण १४७३ मध्ये तेनोच्तित्लानने ते जिंकून अंकित केले होते. शहर पडले त्याचा दोष शेजारच्या राजाच्या माथी गेला तर त्लातेलोल्कोच्या शूरांचे काही बिघडत नव्हते. माझ्या मते अपशकुनांच्या चित्रांत १५१९ पेक्षा १५७० च्या दशकातले हिशेबच जास्त आहेत.

त्याच्या मृत्यूची चित्रे तर सरळ दोन पक्षांत विभागलेली आहेत. स्पॅनिश बाजूची चित्रे तो गच्चीवर उभा असताना स्वतःच्याच लोकांनी दगड मारले असे दाखवतात. बाराव्या भागात मारताना कोणी दाखवलेले नाही. मोक्तेसुमा आणि त्लातेलोल्कोचा सरदार इत्स्क्वाउत्सिन यांची प्रेते स्पॅनिश माणसे पाण्याच्या कडेला टाकून देताना दिसतात. आणि मोक्तेसुमाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका पोथीत तो गच्चीवर आहे, पण गळ्यात दोर आहे आणि दोराचे टोक स्पॅनिशाच्या हातात. दगड, पाणी, दोर. चित्र कोणत्या गोटातले हे या तिहींवरून ओळखता येते.

मग पिसे आली कुठून? ती मेक्सिकोतून आलीच नाहीत. १५०५ च्या सुमारास जर्मनीत, आउग्सबुर्गला, ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या लोकांचे एक लाकडी ठशाचे चित्र छापले गेले. पिसांचा मुकुट, पिसांचा घागरा. तेनोच्तित्लानची वार्ता युरोपात पोहोचायच्या आधीच 'अमेरिकेचा माणूस' असा दिसतो हे तिथे ठरून गेले होते. नंतरच्या खोदकाम करणाऱ्यांनी आणि रंगभूमीवाल्यांनी तोच पोशाख मोक्तेसुमाला चढवला. मेशिकांकडे पिसांचे काम अप्रतिम होत असे यात शंका नाही; पण राजाची खूण पिरोज्याची पट्टी होती, पिसारा नव्हे.

१७ व्या शतकात मेक्सिकोतल्या स्पॅनिश वंशाच्या मंडळींना हा राजा अचानक हवासा झाला. कारण कोर्तेसच्या पत्रातच होते: मोक्तेसुमाने आपण होऊन राज्य सम्राट पाचव्या चार्ल्सला दिले, असा दावा. तो खरा धरला तर नवा स्पेन (तेव्हाचा मेक्सिको) ही लुटीची जागा न राहता वारशाने मिळालेले राज्य ठरते. १६८० मध्ये नव्या व्हाइसरॉयच्या स्वागताची कमान उभारताना कार्लोस दे सिग्वेन्सा इ गोंगोरा यांनी ग्रीक-रोमन देवांऐवजी मेशिका राजे रंगवून घेतले, राज्यकर्त्याच्या सद्गुणांचे नमुने म्हणून. फ्लॉरेन्सच्या पित्ती प्रासादातले मोक्तेसुमाचे पूर्ण उंचीचे तैलचित्र याच शतकाच्या अखेरचे. ते आंतोनिओ रोद्रिगेसचे मानतात. पुढे १६९६ ते १७०१ या काळात जो व्हाइसरॉय होता, तो लग्नामुळे 'काउंट ऑफ मोक्तेसुमा' झालेला. राजाच्या वंशात सोयरीक असलेला माणूस राजाच्या जागी बसला.

त्याच काळातले सर्वांत देखणे काम म्हणजे शिंपल्याची चित्रे, 'एन्कोंचादो'. मिगेल आणि हुआन गोन्सालेस यांनी १६९८ मध्ये केलेला २४ फलकांचा संच माद्रिदच्या अमेरिका संग्रहालयात आहे. कृती अशी: लाकडी फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर जिप्समचा पांढरा लेप, लेपावर रेखाटन, मग कपडे, चिलखते, छत्रे जिथे येतात तिथे मोत्याच्या शिंपल्याचे कापलेले तुकडे बसवायचे. वरून रंगाचे इतके पातळ हात द्यायचे की खालची चमक वर यावी, आणि शेवटी पिवळसर रोगण. चेहरे आणि हात बहुधा नुसत्या रंगाचे. शिंपल्यावर कातडीचा रंग नीट धरत नाही, माणूस आजारी दिसतो. मनिलाहून येणाऱ्या जहाजांतून जपानी लाखकाम मेक्सिकोत पोहोचत होते, त्याची छाप इथे उघड आहे. बिघाड होतो तो फळीमुळे. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगते-आक्रसते, शिंपला तसाच राहतो आणि तुकडा सुटून पडतो. रोगण काळे पडले तर पुढ्यातली झगमग पार विझते.

जपानचीच दुसरी देणगी म्हणजे घडीचे पडदे. जपानी 'ब्योबू' चे स्पॅनिश 'बिओम्बो' झाले. मेक्सिको सिटीच्या फ्रान्झ मायर संग्रहालयातला दहा घड्यांचा पडदा एका बाजूने लढाईने खच्चून भरला आहे, दुसऱ्या बाजूला त्याच शहराचे शांत, आखीव रस्ते. दिवाणखान्यात पाहुण्यांकडे कोणती बाजू करायची, हे घरधन्याने ठरवायचे.

१८२१ ला स्वातंत्र्य आले आणि मोक्तेसुमाचे दिवस फिरले. शरण गेलेला राजा नव्या राष्ट्राच्या कामाचा नव्हता. त्याची जागा शेवटच्या राजाने, १३ ऑगस्ट १५२१ ला पकडल्या गेलेल्या क्वाउतेमोकने घेतली. १८८७ मध्ये पासेओ दे ला रेफोर्मा या हमरस्त्यावर त्याचा पुतळा उभा राहिला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी लेआंद्रो इसागिर्रेने 'क्वाउतेमोकचा छळ' रंगवले. पाय आगीजवळ बांधलेला राजा त्यात ताठ बसून समोरच्यांकडे पाहतो. ज्या राजाकडे नजर वर करून कोणी बघत नसे, त्याचा वारस आता नजरेला नजर देतो.

भित्तिचित्रकारांनी तर रोख कोर्तेसवर वळवला. जाँ शार्लोने १९२२-२३ मध्ये तेनोच्तित्लानच्या महामंदिरात स्पॅनिशांनी केलेल्या कत्तलीचे चित्र ओल्या चुन्यावर केले. या पद्धतीत एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. चुना वाळायच्या आत पाण्यात कालवलेला रंग त्यात मुरला पाहिजे, नाहीतर तो नंतर भुकटीसारखा झडतो. दिएगो रिवेराच्या मंडळींनी सुरुवातीला रंगात निवडुंगाचा रस घालून पाहिला, प्राचीन मेशिकांची युक्ती म्हणून. रस कुजून डाग पडले आणि तो नाद सुटला. १९४६ मध्ये कोर्तेसची हाडे सापडली. त्यांच्या तपासणीवरच्या चर्चेचा आधार घेऊन रिवेराने १९५१ च्या चित्रात त्याला पोक आलेला, फुगल्या गुडघ्यांचा, रोगट करून टाकले. मोक्तेसुमाला चारशेहून जास्त वर्षे सोसावे लागले, ते आता त्याच्या वाट्याला.

राहता राहिला व्हिएन्नाच्या संग्रहालयातला, मोक्तेसुमाचा म्हणून प्रसिद्ध असलेला पिसारा. सुमारे ११६ सेंटिमीटर उंच, १७५ सेंटिमीटर रुंद, केत्साल पक्ष्याच्या शेपटीची सुमारे ४५० हिरवी पिसे आणि सोन्याच्या टिकल्या. १५९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या आंब्रास किल्ल्याच्या यादीत त्याची नोंद 'मूरांची टोपी' अशी आहे. मोक्तेसुमाचे नाव त्यात कुठेच नाही. १८७८ च्या दुरुस्तीत तो सपाट करून निशाण म्हणून मांडला गेला, डोक्यावर घालायची वस्तू असल्याचे नंतर मान्य झाले. मेक्सिकोने तो परत मागितला. २०१० नंतर दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून तपासला, तेव्हा पिसे इतकी ठिसूळ निघाली की विमानाच्या किंवा ट्रकच्या कंपनांनी ती तुटतील असा निष्कर्ष आला. मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात १९४० ची नक्कल आहे. लोक तिलाही 'मोक्तेसुमाचा पेनाचो' (पिसारा) च म्हणतात.