जैवअधिशोषण

भाताचे तूस, उसाचे चिपाड, शेंगदाण्याची टरफले, लाकडाचा भुसा, संत्र्याची साल अशा टाकाऊ वनस्पतिद्रव्यावर पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांसारखे जड धातू धरून ठेवून पाणी शुद्ध करण्याची पद्धत. यासाठी जिवंत पेशी लागत नाहीत, वाळलेली सालही पुरते.

विरघळलेला धातू फडक्यात अडकत नाही आणि उकळून जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिग्रॅ. आणि कॅडमियम ०.००३ मिग्रॅ. एवढेच चालते. कारखान्यांच्या सांडपाण्यात चुना घालून धातू तळाशी बसवतात, पण धातू मुळातच थोडा असेल तर ही रीत परवडत नाही. तिथे तूस-सालीचा खरा उपयोग.

संत्र्याच्या सालीत पेक्टिन (फळांच्या पेशीभित्तीतले चिकट द्रव्य) भरपूर असते. त्याच्या कार्बॉक्सिल गटांना (धातूचे आयन धरणाऱ्या ऋणभारित अणुगटांना) कॅल्शियम चिकटलेले असते. शिशाचा आयन जवळ आला की कॅल्शियम सुटून पाण्यात जाते आणि ती जागा शिसे घेते. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयनच जागा अडवून बसतात, म्हणून शिशासाठी सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ५ च्या आसपास ठेवतात. विजलेपनाच्या (विजेने धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यातले षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचे जास्त विषारी रूप, मात्र ऋणभारित असते. ते सामू २ च्या सुमारास चांगले धरले जाते आणि त्यातले बरेचसे सालीच्या संपर्कात कमी विषारी त्रिसंयुजी रूपात बदलते.

कच्ची टरफले पाण्यात टाकली की थोड्याच वेळात पाणी चहासारखे तपकिरी होते. हा रंग टॅनिनसारख्या द्रव्यांचा. तो जाईपर्यंत माल धुऊन, वाळवून, दळून घ्यावा लागतो. कधी आम्लाची किंवा अल्कलीची प्रक्रियाही करतात.

निवळीचे बी उगाळून गढूळ पाणी निवळण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, मनुस्मृतीतही (६.६७) तिचा उल्लेख येतो. शेवग्याच्या बियांतली धनभारित प्रथिने असाच गाळ तळाशी बसवतात. पण नितळ दिसणाऱ्या पाण्यात शिसे असू शकते. गाळ बसवणे आणि विरघळलेला धातू काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

कच्चा माल फुकट मिळतो, हेही सगळीकडे खरे नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत चिपाड बॉयलरमध्ये जळते, त्यावर वीजही तयार होते.

सर्वांत अवघड प्रश्न वापरलेल्या तुसाचा आहे. धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून तुसात येतो एवढेच. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यास तो सुटतो आणि तूस पुन्हा वापरता येते, पण दर फेरीला त्याची धारणशक्ती घटत जाते. असे भरलेले तूस उकिरड्यावर, गोठ्यात किंवा चुलीत कधीही जाऊ देऊ नये. जाळले तर धातू राखेत उरतो, कॅडमियम धुरातूनही पसरते, आणि ती राख शेतात गेली की पिकात उतरते.