पाईपचे बाहेरचे तोंड: काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावयाचे माहितीपत्रक

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतील दमट हवा बाहेर नेण्याचे काम आमच्याकडे सोपवण्यापूर्वी आपण हे पत्रक एकदा वाचावे, अशी विनंती आहे. चौकशीस येणारे बहुतेक ग्राहक प्रथम पंख्याची किंमत विचारतात. आमच्या मते किनाऱ्यावरील घरात पाईपचा मार्ग आणि त्याचे बाहेरचे तोंड यांचा विचार आधी व्हावयास हवा, कारण पंखा अर्ध्या तासात बदलता येतो, पण चुकीच्या भिंतीत पाडलेले भोक बुजवले तरी गिलाव्यावर त्याचा डाग उमटत राहतो.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, आणि पाऊस सरळ न पडता झडीने भिंतीवर आदळतो. त्यामुळे पाईपचे तोंड शक्यतो पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला, तेही वळचणीखाली काढावे, असा आमचा आग्रह असतो. न्हाणीघर पश्चिमेलाच असेल, तर चार-पाच फूट पाईप जास्त लागला तरी चालेल. तेही शक्य नसल्यास खाली तोंड असलेली टोपी बसवावी लागते. तोंडाशी असलेली झडप पंखा बंद असताना वारा आत येऊ देत नाही, मात्र समुद्राकडच्या भिंतीला हलकी झडप लावली, तर वादळी रात्री ती टकटक वाजत राहते आणि सकाळी आम्हाला फोन येतो.

जांभ्याच्या भिंतीला भोक पाडणे सोपे असते, पण चिरा सच्छिद्र असल्याने तो पाणी शोषतो. म्हणून भोक कोअर कटरने पाडून त्याला बाहेरच्या बाजूस थोडा उतार देतो, पाईपभोवतीची फट वॉटरप्रूफ मसाल्याने भरतो आणि बाहेरची कड सीलंटने बंद करतो. हे काम मृगाआधी, भिंत कोरडी असताना करणे उत्तम. ओल्या चिऱ्यावर सीलंट धरत नाही. स्लॅबच्या घरात बीम आणि कॉलम यांना भोक पाडून देण्याचा आग्रह कृपया धरू नये.

न्हाणीघरासाठी आम्ही साधारणपणे चार इंची, म्हणजे 110 मि.मी.चा पीव्हीसी पाईप वापरतो. स्वयंपाकघरातील चिमणीसाठी सहा इंची धातूचाच पाईप लावतो, कारण फोडणीचा आणि मासे तळल्याचा तेलकट थर आत साचतो आणि तो पेट घेऊ शकतो. सहा इंचाचा पाईप पुढे चार इंचावर आणू नये. तोंडाचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते, मग पंखा नुसता आवाज करतो. वळणेही शक्य तितकी कमी ठेवावीत. घडीचा ॲल्युमिनियम पाईप वापरावाच लागला, तर तो ताणून बसवावा, कारण पोटमाळ्यात सैल सोडलेल्या पाईपला झोळ पडतो, त्या झोळात वाफेचे पाणी साचते आणि पंखा लावताच आतून गुळगुळ आवाज येऊ लागतो. पाईप पोटमाळ्यातच मोकळा सोडून देण्याची पद्धत तर पूर्णपणे चुकीची आहे: ती वाफ वाशांना आणि रिपांना लागते आणि लाकूड कुजते.

खाऱ्या हवेबद्दल आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका बंदराजवळच्या घराला आम्ही गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टोपी बसवली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्या कडेचा पत्रा बोटाने दाबताच तुटला आणि भिंतीवर तांबडे ओघळ उतरले. ती टोपी आम्ही विनामूल्य बदलून दिली. आता समुद्रालगत 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा रंगवलेले पीव्हीसी वापरतो, आणि स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच.

न्हाणीघरात गॅस गीझर असल्यास तो बाहेर हलवल्याशिवाय आम्ही तेथे पंखा बसवत नाही. बंद खोलीतला पंखा गीझरचा धूर आत खेचू शकतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने धोका कळतच नाही.

बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यावयास हवी. यासाठी न्हाणीघराच्या दाराखाली साधारण पाऊण इंच फट ठेवावी. काम झाल्यावर आम्ही आपल्यासमोर पंखा चालू करून त्याच्या आतल्या जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा लावून दाखवतो. तो चिकटून राहिला पाहिजे. त्यानंतर बाहेरून नळीने पाणी मारून आत थेंबही येत नाही, हे आपण स्वतः पाहावे आणि मगच उरलेली रक्कम द्यावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावीशी वाटते. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओलीचिंब असते, त्यामुळे या पंख्याने कपाटातील बुरशी जाईल किंवा घरात कपडे वाळतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. अंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ मात्र ती भिंतीला लागण्यापूर्वीच बाहेर जाते. त्यासाठी अंघोळीनंतर पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा.

चिमणीच्या तोंडाला डासांची बारीक जाळी लावू नये, ती तेलाने बुजते. तेथे पाखरे अडतील इतकी मोठी जाळी पुरते. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, प्रत्येक तोंड उघडून पाहावे. वापरात नसलेल्या पाईपमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि ते वाळले की झडप उघडतच नाही. लाकडी काडीने ते निघते. पाणी ओतून काढू नये, नाहीतर तो चिखल पाईपमधून पंख्यापर्यंत येतो.